फळ्यावरची छत्री

क्योतोच्या संग्रहालयात एका जुन्या चित्रापुढून दोन म्हातारे हलायला तयार नव्हते. राखणीला बसलेल्या मिचिएबाईंना त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. चित्रात दोन तरुण एकाच छत्रीत बिलगून चालले होते.

"बघ इवाकी, तेव्हा खुशाल चितारायचे."

"आणि आपल्या शाळेत? कुणीतरी फळ्यावर प्रेमी जोडप्यांची काढतात तशी छत्री काढून खाली आपली दोघांची नावं लिहिली, तर केवढा गहजब झाला!"

"पोरं नवरा-बायको म्हणून चिडवायला लागली. तू धावत जाऊन बाहीनेच पुसलीस."

"मग काय करणार? तुझ्याशी बोलणंच टाकलं मी. कुठल्या गाढवाने काढली होती, देव जाणे."

"मी."

"तू? अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"पुसलीस ना तू."