बोर्डावर आईचं नाव

—चपला आत घ्या मॅडम, बाहेर ठिवल्या तर कुत्रं उचलून नेतंय. बसा. न्हाई, खिडकीपाशी नको, हिकडं कॉटवर बसा. आन् आधीच सांगून ठिवते, बाहेर ओट्यावर ह्यांची दोन माणसं बसलीत. हे वरवंडला गेल्यात, येतीलच इतक्यात. तवर मी तुम्हाला समजावायचं आन् तुमच्याकडनं माफीनामा लिहून घ्यायचा, असं माझ्यावर सोपवून गेल्यात. म्हणले, बाईला बाईनंच सांगितलेलं बरं. तर मधनंच मी आवाज चढवीन, ओट्यावर ऐकू जायला पायजे म्हणून. ते मनावर घेऊ नका. — मॅडम, आमच्या गावात असली थेरं खपवून घेतली जायची न्हाईत, सांगून ठिवते! — हां. असं. पाणी घ्या.

आता मला सांगा, असंच झालं नव्हं? तुम्ही सहावीची पोरं घेऊन ग्रामपंचायतीत गेला. नागरिकशास्त्रात धडा हाय ना, गावच्या कारभाराचा — पोरांनी पुस्तकातली पंचायत डोळ्यानं बघावी म्हणून नेली. चांगलंच केलं की! आम्हाला कुणी शाळेच्या कंपाउंडबाहेर काढलं न्हाई. गंगा-यमुना तोंडपाठ केल्या, आन् ही भीमा हितं हाकेच्या अंतरावर, तिच्याबद्दल कुणी एक अक्षर सांगितलं न्हाई. — तर पोरं रांगेनं आत गेली. हे सरपंचाच्या खुर्चीत. सकाळीच मी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला व्हता, पोरांसाठी बिस्किटाचे पुडे आणले व्हते. पोरांनी इचारलं, नळाला पाणी रोज का येत न्हाई, खांबावरल्या दिव्याचं बिल कोण भरतं, घरपट्टी कुठं जाती. ह्यांनी समद्याची उत्तरं दिली. बरी दिली, खोटं कशाला बोलू — काम येतंय त्यांना. आन् मग आमची प्रगती उठली. बापाला पप्पा न्हाई, सर म्हणाली. तुम्हीच सांगितलं असंल तसं. 'सर, बोर्डावर सरपंच म्हणून आईचं नाव हाय. मग तुम्ही कोण?'

पोरं हसली. पोरांचं काय, पोरं हसायचीच. पण शिपाई हसला, ग्रामसेवक भाऊसाहेब फायलीत तोंड घालून हसले, आन् कुणीतरी मेल्यानं मोबाईलवर काढलं. सांज व्हायच्या आत गावच्या ग्रुपवर. मी तवा कांद्यात खुरपत व्हते. जाऊबाई बांधावरनं पळत आली, म्हणली, बघ बघ तुझ्या पोरीनं काय केलं. उन्हात पदराची सावली धरून बघितलं मी. ह्यांचा चेहरा दिसतोय त्याच्यात — आधी हसत्यात, मग हसू तसंच ऱ्हातंय, आन् डोळं निराळंच व्हत्यात. ते मला कळलं, बाकी कुणाला कळलं नसंल. सतरा-अठरा वर्सं झाली की मॅडम लग्नाला. खुरपं तिथंच टाकलं मी.

हे घरी आले तर ओरडले न्हाईत, हात उचलला न्हाई. उचलला असता तर बरं झालं असतं, निदान मी मधी पडले असते. ताट तसंच सारलं. दुसऱ्या दिशी सकाळी प्रगती शाळंला निघाली, तर म्हणले, 'ऱ्हाऊ दे. लई शिकलीस.' झालं. तवापासनं शाळा बंद. त्यांची भैन दिलीय केंदूरला, तिच्याकडं धाडायचं ठरिवलंय. केंदूर म्हंजी तिकडं शिरूर तालुक्यात, कुठल्या कुठं! नणंद म्हणली, पाठवा की, म्हसरं हायत, मदत व्हईल. मदत! मॅडम, पोरगी नकाशात डोळं झाकून जिल्हं दाखवती. तुम्हीच म्हणला व्हता ना पालक सभेत? आन् तिनं तिकडं शेण काढायचं. त्या दिवसापासनं बापाशी एक शब्द बोलली न्हाई. रडली बी न्हाई. बसलीय आतल्या खोलीत. — समदी पोरं बिघडवायचा ठेका घेतलाय व्हय तुम्ही? आँ? पगार कशाचा घेता? — हळू बोलते आता.

हे बगा, दोन कागद हायत. हा कोरा, ह्याच्यावर तुम्ही लिहून द्यायचं. आन् हा टाईप केलेला, हा ठराव. तुम्ही पोरांच्या मनात गावच्या कारभाराविषयी विष कालवता, म्हणून तुमची बदली करावी, असं दौंडला पंचायत समितीत कळवायचं. ह्याच्यावर खाली सही लागती. कुणाची? माझीच की! सरपंच मी हाय. हसू नका मॅडम. — न्हाई, तुम्ही न्हाई हसलात, मलाच हसू येतंय. जागा बाईची निघाली, आमच्यातल्या बाईची, तवा ह्यांनी फॉर्मवर माझं नाव घातलं. पयल्या दिवशी हार घातला, फोटो काढला, तेवढीच मी त्या खुर्चीत बसले. मग कागद घरी यायला लागले. चुलीपुढं धरत्यात, मी पिठाचा हात पुसते आन् सही करते. आता तर डिजिटल सही निघालीय, बोटाएवढं असतं ते कॉम्प्युटरला लावायचं. ते बी त्यांच्याच खिशात. माझी सही ह्यांच्या खिशातनं गावभर फिरती, आन् मी हितं कांदं खुरपते. पण ठरावावर पेनानंच करावी लागती, तिथं माझ्याबिगर चालत न्हाई.

तर माझं ऐका. हात जोडते. तुम्ही लिहून द्या — तो सवाल मीच पोरीला शिकवला, चूक झाली, माफ करा. चार वळी. तुमचं काय जातंय? बदली व्हायची न्हाई, ठराव फाडून टाकतील, ह्यांचा राग उतरंल, पोरगी परत वर्गात. मी जबान घेतलीय तशी ह्यांच्याकडनं. तुम्ही काय, आज हितं, उद्या दुसऱ्या गावाला. पोरीचं आख्खं जन्माचं नुकसान हाय. लिहा. हे पेन घ्या.

... काय? न्हाई, मला ठावं हाय की तुम्ही शिकवला न्हाई तो. तुम्ही कशाला असलं शिकवाल —

...

आता कसं ठावं म्हंजी... मला... पोरंच इचारत्यात की काय बी. टीव्ही बघत्यात, मोबाईल बघत्यात... असं बघू नका माझ्याकडं मॅडम. तुम्ही वर्गात बी अशाच बघता व्हय? प्रगती म्हणती, आमच्या मॅडम काय बोलत न्हाईत, नुसत्या थांबत्यात, मग आपसूक खरं तोंडातनं पडतं.

भाकरी करत व्हते. ती पाटावर बसून धडा वाचत व्हती मोठ्यानं. ग्रामसभेचा अध्यक्ष सरपंच असतो. थांबली, म्हणली, 'आई, तू अध्यक्ष हाईस? मग तू जात का न्हाईस?' आन् मला काय झालं कुणास ठाऊक — तवा तापलेला, धूर डोळ्यात, आन् त्याच दुपारी ह्यांनी माझी सही घेताना कागदावर हात आडवा धरला व्हता, मी वाचू नये म्हणून. मी आठवी पास हाय मॅडम! अडाणी न्हाई! मी म्हणले, 'मला काय इचारतीस? उद्या जाणारच हायस ना, तिथं खुर्चीत बसलाय त्याला इचार, बोर्डावर सरपंच म्हणून आईचं नाव हाय. मग तुम्ही कोण?' शब्दाला शब्द तोच. पोरीनं तसाच नेऊन ठिवला. आन् घरी एवढं इचारलं तिला, कुणी शिकवलं, कुणी शिकवलं, तरी माझं नाव काढलं न्हाई. बापानं मग तुमचं नाव ठरवून टाकलं. आन् मी... मी मान हलवली. व्हय म्हणले, मॅडमनीच शिकवलं असंल.

आन् खरं सांगू? मोबाईलवर बघताना भ्याले, ते खरंच. पण हिरीवरल्या पाण्याच्या मोटारीपाशी जाऊन एकटीनं परत बघितला तो व्हिडिओ. परत परत बघितला.

न्हाई, राहू द्या ते पेन. लिहू नका. द्या हिकडं. — गाडी आली. त्यांचीच हाय, वळणावर हॉर्न देत्यात. तुम्ही काय बोलू नका, बसून ऱ्हावा.

...आलात? व्हय, मॅडम हायत. न्हाई, लिहून दिलं न्हाई. का म्हंजी, त्यांनी काय केलंच न्हाई तर लिहितील कशाला? थांबा, मला बोलू द्या. ए, तुम्ही दोघं बी आत या, भिंतीला कान लावून बसण्यापरीस हितं उभं राहून ऐका. सवाल मॅडमचा नव्हता. पोरीचा बी नव्हता. माझा व्हता. भाकरी थापताना मी तिला सांगितला. ...काय म्हणता, डोकं फिरलंय? असंल. पण ह्या ठरावावर माझी सही व्हायची न्हाई, आन् पोरगी केंदूरला जायची न्हाई. जे काय करायचं ते मला करा, मी कुठं पळून चाललीय?

प्रगती, भायेर ये. अशीच ये. मॅडमसंगं जा शाळंत. — मॅडम, उठा तुम्ही. न्हाई, थांबायचं न्हाई, तुमचं हितं काम संपलं. माझी काळजी करू नका, आमचं आम्ही बघतो. पोरीचा हात धरा आन् निघा. अवो, निघा म्हणते ना!

...दारातनं सरका जरा. त्यांना जाऊ द्या.