बॉयलरला मत कुणाचं?

...आणि वर मलाच म्हणतात, हार्टमुट, तू फार मनाला लावून घेतोस! अहो, मनाला कुठलं, पायाला लागलंय, पायाला! आत सुती मोजे, त्यावर लोकरीचे, त्यावर बायकोचे. बायकोचे तेवढेच घरात राहिलेत, बाकीचे ती घेऊन गेली, स्वतःसकट... या, बसा, सरका इकडे, हा गरम रेडिएटर काही मी एकट्यासाठी अडवलेला नाही. वाचनालयात हळू बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे, ती टेबलामागची बाई सकाळपासून दोनदा चष्म्यावरून बघून झाली, पण तुम्हाला सांगतो, सात आठवडे मी रोज इथे येतोय आणि तोच पेपर वरपासून खालपर्यंत वाचतोय, का, तर इथे बावीस अंश आहेत. आणि घरात? घरात अकरा अंश!

सगळं सुरू झालं त्या धुरांडेवाल्यापासून, आमच्याकडे दरवर्षी बॉयलरही तोच तपासतो. आता धुरांडेवाला दारात येणं म्हणजे केवढा शकुन! त्याच्या काळ्या कोटाच्या सोनेरी बटणाला बोट लावायचं, वर्ष चांगलं जातं. सत्तर वर्षं लावत आलोय मी. यंदाही लावलं, जानेवारीचा पहिला आठवडा, चांगलं चोळून लावलं. तो हसला, तळघरात गेला, नळी घातली, कसलासा आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि खिशातून लाल चिठ्ठी काढून बॉयलरच्या तोंडावर चिकटवली. मी म्हटलं, हे काय? तर शांतपणे म्हणतो, "विषारी धूर गळतोय आतून. हा पुन्हा पेटवलात, तर पुढच्या वर्षी बटणाला हात लावायला तुम्ही नसाल." आणि गेला की पुढच्या घरी, शकुन द्यायला!

बरं, जुना गेला, नवा आणा. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, हाय काय नि नाय काय. असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण अख्खी इमारत तापवणारा बॉयलर एक आणि घरं पाच, म्हणजे पाच जणांची सभा, आणि सभेची नोटीस तीन आठवडे आधी. मी सोसायटीचा अध्यक्ष. कसा झालो विचारू नका, ज्या दिवशी मी सभेला उशिरा पोचलो त्या दिवशी झालो. तर मी नोटीस लिहिली, चार घरांना दिली आणि पाचवी स्वतःच्या पेटीत टाकली, वर जाऊन खाली आलो, पेटी उघडली, वाचली, पोच म्हणून सही केली. हसू नका, नियम आहे तो! तारीख कुठली मिळाली? पंचवीस फेब्रुवारी, कारण त्याच्या आधी प्रत्येकाला कुठे ना कुठे प्रचाराला जायचं होतं. तेवीसला निवडणूक, अख्ख्या देशाची! आणि यंदाची निवडणूक कशावर? शाळांवर नाही, रस्त्यांवर नाही. लोकांनी आपलं घर कशानं तापवायचं, यावर! अख्खा देश माझ्या तळघरात उतरला हो, आणि तरी ते गार ते गारच.

गुड्रुननं दहा दिवस काढले. गुड्रुन म्हणजे माझी बायको, एकेचाळीस वर्षांची... लग्नाला एकेचाळीस वर्षं, ती नव्हे. अकराव्या दिवशी सकाळी ती पावाला लोणी लावत होती, म्हणजे लावत कुठली, लोणी सुरीनं चिरून त्याच्या फोडी पावावर रचत होती, आणि एकदम तिनं सुरी खाली ठेवली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "हार्टमुट, मी रोझविटाकडे चाललेय कासेलला. तळघरात पंप बसव, चूल मांड, नाहीतर गाढव बांध. माझं काही म्हणणं नाही. फक्त ठरव, आणि ठरलं की फोन कर." रोझविटा तिची बहीण. तिच्याकडे जमिनीखालून ऊब येते म्हणे, अनवाणी चालतात दोघी! स्टेशनवर मी तिची बॅग चढवली, गाडी हलली, आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून मला थंडी कशाची वाजते तेच कळेनासं झालंय. करमत नाही हो मला तिच्याशिवाय. भांडायला तरी कोण आहे? घरात अकरा अंश!

मग मी म्हटलं, आपण अडाणी, ज्यांना कळतं त्यांना विचारू. शनिवारच्या बाजारात सगळ्या पक्षांच्या छत्र्या लागल्या होत्या, चीजवाल्यापासून मासेवाल्यापर्यंत. आमच्याकडे पक्षांना नावानं कोण हाक मारतं, रंगानं मारतात. पहिली छत्री हिरवी. पोरगी कशी गोड, मला कागदाची भिरभिरी दिली. मी म्हटलं, बाई, तळघरात काय ठेवू? "हीट पंप! बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतो!" मी म्हटलं, अहो, बाहेर उणे सात आहे. "त्यातही असते ऊब!" एकाहत्तरावं चाललंय मला, उणे सातात ऊब असते हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पुढची छत्री काळी, तिथे काचेवरचं बर्फ खरवडायची पट्टी मिळाली. तिथला गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "काका, काही घेऊ नका! आम्ही आलो की नव्या गॅस-बॉयलरला आडकाठी घालणारा तो कायदाच रद्द. खुशाल गॅस लावा. फक्त थांबा." किती? "आम्ही येईपर्यंत." पिवळ्या छत्रीखाली सुटाबुटातला एक जण, "आम्ही कुठल्याच यंत्राच्या विरोधात नाही, बाजार ठरवेल, आणि उद्या तुमच्या गॅसच्याच पाइपातून हायड्रोजन येईल!" मी म्हटलं, उद्या म्हणजे सोमवारी? तर म्हणतो, साधारण दहा वर्षांनी. लाल छत्रीत मला चहा पाजला, माणसं प्रेमळ, म्हणाली कारखान्याचं गरम पाणी जमिनीखालून घरोघर आणू, काही म्हणता काही करायला नको. आमच्या गल्लीत कधी? "नकाशा चालू आहे." आणि शेवटी निळी छत्री. तो तर मला बोलूच देईना, "सगळं थोतांड आहे! पूर्वेकडून गॅस आणणारी ती जुनी नळी उघडली की झालं!" मी म्हटलं, बाबा रे, तिकडे लढाई चाललीय ना? तर म्हणतो, नळीला काय कळतंय लढाईतलं!

घरी आलो तेव्हा खिशात चार पेनं, भिरभिरी, पट्टी, जेलीच्या गोळ्यांची दोन पाकिटं. तळघरात काय ठेवायचं त्याचा पत्ता नाही. आणि सगळ्यात भयंकर काय सांगू? प्रत्येकाचं ऐकताना मला पटत होतं! हिरवीचं पटलं, काळ्याचं पटलं, निळ्याचंसुद्धा क्षणभर पटलं, हुडहुडी भरली की माणसाला काहीही पटतं. सरकार येतं चार वर्षांसाठी, बॉयलर येतो पंचवीस वर्षांसाठी, म्हणजे आज जे बसवीन ते मी गेल्यावरही तापत राहणार आणि तोवर सहा सरकारं येऊन प्रत्येक जण म्हणणार, हे कुठल्या मूर्खानं बसवलं? झोप कशी लागावी हो?

तेवीसला मत द्यायला गेलो. पडद्याआड उभा राहिलो, मतपत्रिका ही एवढी लांब, हातात पेन्सिल. दोन मतं असतात ना आपल्याला, एक माणसाला, एक पक्षाला. बाहेर रांग खोळंबलेली, मागून खोकतायत, आणि मी आत... सांगू का? कोणाला बोलणार नाही ना? पहिलं मत दिलं काळ्याला, म्हणजे गॅसला. लगेच मन खायला लागलं. म्हणून दुसरं दिलं हिरव्यांना, म्हणजे पंपाला! मीच मला पाडलं. पेटीत पत्रिका टाकली तेव्हा मात्र असं हलकं वाटलं म्हणून सांगू, जणू काही ठरलंच. घरी आलो तर अकरा अंश.

निकाल लागला. कुणालाच बहुमत नाही! आता त्यांच्या बैठका होणार, मग बैठकीत काय बोलायचं त्याच्या बैठका होणार... आणि पंचवीसला झाली आमची सभा. माझ्याच घरात, सगळे ओव्हरकोट घालून, बोलायला लागलं की तोंडातून वाफा. दुसऱ्या मजल्यावरच्या लोझेबाई, शाळेत भूगोल शिकवतात, हिरव्या. त्यांनी तक्ते आणले होते. त्यांच्या समोरचे ब्रोमेल, विम्याच्या कचेरीतून निवृत्त, काळे. ते म्हणाले, "नवं सरकार बसेपर्यंत खर्च करणारा माणूस गाढव, आणि करायचाच तर गॅसचा." वरचे कूबिश, निळे, त्यांना गॅसच हवा पण तो त्या जुन्या नळीतला. आणि पहिल्या मजल्यावरच्या फेन्स्केबाई, दवाखान्यात नर्स, लाल, रात्रपाळी करून आलेल्या. त्यांचे डोळे मिटत होते. त्या म्हणाल्या, "पाइप येईल तेव्हा येईल. माझ्या पोरीला तिसऱ्यांदा ताप आलाय. माझं मत पंपाला, आणि तुम्ही उद्या शेगडी बसवत असाल तर शेगडीला." ब्रोमेलसुद्धा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

मी मतदान घेतलं. पंपाला कोण? दोन हात वर. गॅसला कोण? दोन हात वर. आणि मग चौघंही माझ्याकडे बघायला लागले. चार माणसांचे आठ डोळे, आणि मी मध्ये बसलोय, हातात पेन, हिरव्यांचंच दिलेलं. फेन्स्केबाई माझ्याकडे जशा बघत होत्या ना, ते मला अजून सहन होत नाही. एक हात वर करायचा होता हो, कुठलाही, डावा-उजवा चालला असता, त्या क्षणी गॅस म्हटलं असतं तरी पोरगी तापातून उठली असती आणि गुड्रुन गाडीत बसली असती. माझा हात उचलत होतो मी, खरंच उचलत होतो. आणि तोंडातून काय निघालं माहितेय? "सभेच्या अध्यक्षानं तटस्थ राहणं उचित." उचित! दोन विरुद्ध दोन, एक तटस्थ, ठराव नामंजूर. पुढची सभा तीन आठवड्यांनी. इतिवृत्त मीच लिहिलं, शुद्धलेखन तपासलं, आणि नियमाप्रमाणे सगळ्या घरमालकांना पाठवलं. आता आमचं घर आहे दोघांच्या नावावर. म्हणजे एक प्रत गेली कासेलला.

काल दुपारी फोन आला. इथेच होतो, असाच रेडिएटरला पाठ लावून, ती टेबलामागची बाई बोट ओठांवर ठेवून उभी, मी बाहेर पळालो बर्फात. गुड्रुन म्हणाली, "इतिवृत्त वाचलं." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "हार्टमुट, दोन तिकडे, दोन इकडे. तटस्थ कोण?" मी म्हटलं, अगं, अध्यक्षाला... नियमाप्रमाणे... दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकता... तिनं मला तिथेच तोडलं, "मी येते."

तुम्हाला सांगतो, मी त्या बर्फात उभ्या उभ्या रडलो. येते म्हणाली! मी म्हटलं, ये गं, आजच ये, मी स्टेशनवर येतो, शेगडी लावून ठेवतो, तुझे मोजे तुला परत देतो, तुला हवं ते बसवू, तू म्हणशील ते! ती म्हणाली, "अठरा मार्चला येते. सभेला. आपल्या घराचं मत या वेळी मी देणार, तू खुशाल अध्यक्ष हो. मत देऊन पाच चाळीसच्या गाडीनं परत."

मी म्हटलं, बरं बाई, पण मत देणार कशाला, तेवढं तरी सांग. पंपाला की गॅसला?

तर म्हणते, "ते अजून ठरलं नाही."