धाप लागलेल्या बाईचा आवाज

...आणि वर लोक मलाच विचारतात, तुमचं मत काय? अहो, माझं मत कशाला हवंय कोणाला? मी मत देत नाही, आवाज देतो. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणते ना, ती बाई मी. बँकेच्या फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणतो तो गृहस्थही मीच, आणि तुम्हाला सांगतो, तो कॉल आमच्यापैकी कोणासाठीही महत्त्वाचा नसतो. बाप्या, बाई, म्हातारं, तान्हं, म्हणाल ते काढून देतो. म्हणणं कोणाचं, ते मला विचारायचं नाही. आपण नुसता आवाज देतो.

आता त्या कायद्याचंच घ्या. विसरला नसाल. औषधपाणी, ऑपरेशन, सगळ्यांचं सगळं सरकार बघणार, आजारी माणसाची नाडी तपासायची, खिसा नाही... हवा की नको ते तुम्हीच मत देऊन सांगा, म्हणाले. झालं. घराघरात दोन तट. आमच्या खालचा इस्त्रीवाला म्हणायचा, "आजारपण काय विचारून येतं?" समोरचे निवृत्त हेडमास्तर म्हणायचे, "फुकट म्हटलं की गर्दी होते, आणि खरा आजारी दारातच राहतो. शिवाय कर कोण भरणार? तू?" "भरतो की, साबण घेतला तरी भरतो." मला दोघांचंही पटायचं. हा माझा जन्माचा रोग आहे, जो बोलत असेल त्याचं पटतं.

तर दोन्ही बाजूंनी मला बोलावलं. यात काही गैर नाही हं, वकील नाही का... बरं, वकील एका खटल्यात एकाच बाजूचा असतो, ते जाऊ द्या. सकाळी 'हो'वाल्यांकडे डॉक्टरचा आवाज दिला. घनगंभीर. "प्रत्येक नागरिकाला उपचाराचा हक्क..." मग टक्केवारी, मग इतर देशांचे दाखले, इतकं मुद्देसूद की वाचता वाचता मलाच जांभई आली. आणि दुपारी गेलो 'नाही'वाल्यांकडे.

तिथे जाहिरात करणारा एक टकलू होता. म्हणाला, "साहेब, आपल्याला मुद्दे नकोत. आपल्याला धाप हवी."

"म्हणजे?"

"एक बाई आहे. कायदा झालाय. ती रांगेत उभी आहे आणि तिचा नंबर येत नाही. बस, एवढंच."

मी धाप काढून दाखवली. "छे हो," म्हणे, "ही जिना चढून आलेली बाई झाली. मला जन्मभर जिनाच चढतेय अशी हवी." आता मला सांगा, कलावंताला असं डिवचल्यावर तो काय करणार? मी डोळे मिटले आणि... आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याकडेच असते. तिच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही. ऑपरेशन केलं तर बरी होईल, म्हणाले डॉक्टर, आणि खर्च ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बाहेर आलो. कायदा झाला असता तर तेच ऑपरेशन बिलाशिवाय होणार होतं. हे मला ठाऊक होतं. माईकसमोर उभा होतो तेव्हाही ठाऊक होतं. पण आपण नुसता... असो.

हे 'असो'सुद्धा तिचंच. आक्का बोलते कशी? दोन-तीन शब्द, मग थांबणार, मग छातीत बारीक शिट्टी वाजणार, बंद खिडकीच्या फटीतून वारा यावा तशी, आणि वाक्य पुरं करायला दम उरत नाही म्हणून म्हणणार, "असो." मी तोच आवाज काढला. "सकाळपासून उभी आहे... पाय गेले बाई... नंबर काही... असो." काचेपलीकडे टकलूच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "साहेब, एकदम खरी वाटते." वाटणारच ना.

मग काय, दिवसभर रेडिओवर ती धाप. माझा घनगंभीर डॉक्टर कोणाच्या लक्षातही नाही, पण रांगेतली बाई प्रत्येकाच्या तोंडी. इस्त्रीवाल्याची बायको नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही काय ते बघा, माझं मत 'नाही'. त्या बिचारीला रांगेत मारायचं का?" हेडमास्तरांनी मान डोलावली, जणू बाई त्यांच्याच वर्गातली.

आणि घरात आक्का. मी रेडिओ बारीक करायला गेलो की म्हणायची, "अरे... ऐकू दे ना. हिलाही माझ्यासारखंच... दिसतंय. माझ्यासारखं 'असो' म्हणते बघ." तुम्हाला सांगतो, आपली धाप आपल्याला ओळखू येत नाही, बाहेरून ऐकली की परक्याची वाटते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. एवढे आवाज आहेत माझ्याकडे, पण त्यातला एकही येईना.

मतदानाला तिला मीच नेलं. दर चार पावलांवर थांबत आत गेली, बाहेर येऊन पायरीवर टेकली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय दिलंस?"

"नाही म्हटलं."

"अगं आक्का, तुझं ऑपरेशन..."

"माझं काय... मला तू आहेस. तिला... कोण आहे? एकटीच रांगेत... असो."

कायदा पडला. थोडक्यात पडला, म्हणाले. हेडमास्तरांनी समजूतदारपणाबद्दल जनतेचे आभार मानले. मला टकलूचा फोन आला, "साहेब, कमाल केलीत." मी म्हटलं, मी कुठे, मी नुसता आवाज दिला.

आता आम्ही धर्मादाय दवाखान्यात जातो. तिथे ऑपरेशन स्वस्तात होतं, म्हणजे नंबर आला तर होतं. लांबलचक बाक, बाकावर माणसं, माणसांच्या मांडीवर पिशव्या, आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून गोड आवाज, "आपला नंबर लवकरच येईल. कृपया धीर धरा." तो आवाज कोणाचा, सांगायला हवं का? आक्का शेजारच्या बाईंना कौतुकानं म्हणाली, "हा बोलतोय ना... तो माझा भाऊ." त्या बाई म्हणाल्या, "मग भावाला विचारा, लवकर म्हणजे कधी."

तेवढ्यात आक्कानं माझी बाही ओढली.

"अरे... ती रेडिओवरची बाई. तुझ्या ओळखीतली... असेल ना? तिचं काय झालं पुढे? नंबर... लागला का?"

मी म्हटलं, "नाही आक्का. बसलीय अजून."

"अगंबाई. सोबतीला... आहे का कोणी?"

"भाऊ आहे."

"मग काळजी नाही," आक्का म्हणाली, आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

आणि वर भिंतीवरून मी, अगदी मनापासून, सगळ्यांना सांगत होतो... धीर धरा.