बाळादाच्या खुंटीवरची केरसुणी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या चाळ कमिटीचे प्रमुख श्यामकांत नाडकर्णी गुरुजी, ज्यांनी रविवार असूनही शाळेचा हा हॉल आपल्याला उघडून दिला त्या मुख्याध्यापिका मृणालिनीताई, ग्रामस्थ मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. बाळा मेस्त्री, गावाहून मुद्दाम आलेल्या वनमालावहिनी, आणि घाटकोपरपासून मानखुर्दपर्यंत जिथे जिथे आमच्या गावचं माणूस राहतं तिथून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी नंदू राऊळ. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो. भाषणाची सवय नाही. सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि बाळादाच्या कष्टाळू स्वभावाबद्दल दोन शब्द बोल असं सांगितलं आहे. दोन शब्दांत ते होणार नाही. गुरुजी, वेळ गेली तर घंटी वाजवा, मी रागावणार नाही.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर आमच्या गावकीची एक खोली आहे. बायकामुलं गावाला आणि पुरुष इथे, अशी नऊ माणसं त्या खोलीत राहतात. नवांपैकी आठ राऊळ, एकाच भावकीतले. नववे बाळादा मेस्त्री, आमच्याच गावचे पण सुतारवाडीतले. बाळादा विक्रोळीच्या कारखान्यात सुतारखात्यात होते. परवा एकतीस तारखेला रिटायर झाले. उद्या सकाळच्या एसटीने कायमचे गावी चालले आहेत.

नऊ पुरुष एका खोलीत राहायचे म्हणजे जेवणावरून भांडण होत नाही, झोपायच्या जागेवरूनही फारसं होत नाही. भांडण होतं ते केर कोणी काढायचा यावरून. काल मी काढला, परवाही मीच काढला, तू कधी काढलास सांग. सत्तर सालात हे भांडण इतकं वाढलं की दोन सख्खे भाऊ एका पंगतीत बसेनात. तेव्हा बाळादांनी फणसाची एक फळी रंधा मारून आणली. तिला नऊ खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीखाली तापलेल्या खिळ्याने एकेकाचं नाव कोरलं. केरसुणी ज्याच्या खुंटीवर, त्याची त्या दिवसाची पाळी. त्याने खोली झाडायची, पुसायची, नळाचं पाणी भरायचं, आणि आठवड्यातून एकदा चाळीचा संडास धुण्याची आमच्या खोलीची पाळी असते, ती त्या दिवशी आली तर तीही करायची. सगळं झालं की आपल्या हाताने केरसुणी पुढच्याच्या खुंटीवर टांगायची. ज्याने काम केलं त्यानेच ती हलवायची, दुसऱ्याने नाही. भांडण त्या दिवशी मिटलं. बाळादांची खुंटी शेवटची आणि माझी पहिली. म्हणजे बाळादांच्या हातून केरसुणी यायची ती माझ्याकडे.

इतकी न्यायाची व्यवस्था मी दुसरीकडे पाहिली नाही. ती मोडली कोणी? मीच मोडली. तेच सांगायला उभा आहे.

आमच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात रवळनाथाची तसबीर आहे. सकाळसंध्याकाळ तिच्यापुढे दिवा लावायचं काम मी आपणहून घेतलेलं. फळी टांगायला जागा मिळाली ती बरोबर त्या देवाच्या खाली. एकदा भावकीत कोणीतरी वारलं, आम्हा आठही जणांना दहा दिवसांचं सुतक आलं. मी म्हटलं, सुतकात देवाच्या कोनाड्याला हात लावायचा नाही, बाळादा तेवढा दिवा लावतील. यात कोणाचं काही चुकलं नाही. पण मग एकाने विचारलं, केरसुणी घ्यायला हात वर केला तर तो कोनाड्याला लागतो, त्याचं काय? दुसरा म्हणाला, केरसुणी तर लक्ष्मीच, दिवाळीला आपण तिला हळदकुंकू वाहतो, मग सुतकात तिला शिवायची कशी? मला ते पटलं. खरं सांगू? ते मला सोयीचंही होतं. मग पाण्याचं निघालं, कारण देवाचा तांब्या त्याच पिंपातून भरायचा. असं करत करत दहा दिवसांचं सगळं बाळादांच्या अंगावर पडलं.

माझा पुतण्या चंद्रप्रकाश ऐंशी सालात, माझ्या पुढच्या खुंटीचा माणूस गावी परतला तेव्हा त्याच्या जागी, खोलीत राहायला आला. इथेच बसलाय, ऑफिसात क्लार्क आहे. त्याने मला पहिल्याच महिन्यात विचारलं, "काका, केरसुणीचं समजलं. पण संडास धुण्यात देवाचा काय संबंध यार?"

मी म्हटलं, "धुऊन आलेला माणूस त्याच पायांनी आत येतो ना?"

तो म्हणाला, "मग बाळाकाका काय उडत येतात?"

सगळे हसले. मीही हसलो. बाळादाही हसले आणि बादली घेऊन बाहेर गेले. त्या हसण्यात तो प्रश्न गेला तो गेलाच.

आता आमची भावकी किती मोठी, ते सभेला ठाऊक आहे. चाळीस-पंचेचाळीस घरं. कोणीतरी वारतं, कोणीतरी जन्मतं. मेल्याचं सुतक तसं जन्माचं सुवेर, दहा दिवस तेही पाळायचं. गावात कोणाच्या घरी पाळणा हलला की घाटकोपरला आठ माणसांनी केरसुणी खाली ठेवलीच. समोरच्या खोलीतल्या रुक्मिणीबाई एकदा गॅलरीतून म्हणाल्या होत्या, "काय रे, नऊ जण राहता आणि केर काढताना मला एकच माणूस कसा दिसतो? बाकीचे काय फोटोत राहता?" चंद्रप्रकाशने उत्तर दिलं, "मावशी, आम्हाला सुतक आहे." त्या म्हणाल्या, "मेलं कोण? तुमची लाज?"

त्यावरही आम्ही हसलो.

मग संप आला. आमच्यातले सातजण गिरणीत होते. दीड वर्ष आम्ही खोलीत बसून होतो, हाताला काम नाही, डोळ्याला झोप नाही. बाळादांची कारखान्याची नोकरी चालू होती, त्यांना सातच्या पाळीला पोचायचं असायचं. त्या दीड वर्षातही सुतकं आली. पहाटे उठून बाळादा झाडायचे, आणि आम्ही बिनकामाचे, आडवे पडलेले, केरसुणी जवळ आली की पाय वर उचलायचो. मला ती पहाट अजून दिसते. माझे पाय, त्यांच्या खालून जाणारी केरसुणी, आणि वाकलेले बाळादा. मी जागा होतो. डोळे मिटून जागा होतो.

बाळादा कधी बोलले का? एकदा बोलले. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्यांची आई, सगुणाकाकी, गेली. तार दुपारी आली, संध्याकाळच्या गाडीने ते गावी गेले. त्या दिवशी पाळी त्यांची होती, सकाळी सगळं काम करूनच ते कामावर गेले होते. तारेच्या गडबडीत केरसुणी पुढे टांगायची राहून गेली. ती त्यांच्याच खुंटीवर राहिली.

ते पंधराव्या दिवशी परत आले. मुंडण केलेलं, हातात पिशवी. दारात चप्पल काढली आणि तिथेच थांबले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यात माशांचे काटे, बिड्यांची थोटकं, पिंपाच्या तळाशी शेवाळ. समोर भिंतीवर केरसुणी जिथे होती तिथेच, त्यांच्या नावावर.

विचार करा, आम्ही आठ माणसं. त्या पंधरा दिवसांत आमच्यातल्या एकालाही सुतक नव्हतं. मेस्त्र्यांचं सुतक राऊळांना लागत नाही. मग काय झालं होतं? ज्याने काम केलं त्यानेच हलवायची, हा नियम आम्ही एकमेकांना सांगत होतो. पण तेही खरं कारण नव्हे. इतक्या वर्षांत डोळ्यांना सवय लागली होती. केरसुणी त्या खुंटीवर दिसली की आपल्याला उठायचं नाही, एवढंच डोळ्यांना कळत होतं.

मी पुढे झालो. म्हटलं, "बाळादा, आधी बस. चाय घे."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. आधी कोनाड्यातल्या दिव्याकडे पाहिलं. दिवा लागलेला होता. तो मी एक दिवसही चुकवला नव्हता. मग मला विचारलं, "नंदू, तुमका सुतक होता?"

मी म्हटलं, "नाय."

ते म्हणाले, "मगे?"

एवढंच. मग केरसुणी काढली आणि झाडायला लागले.

त्या एका शब्दाला मी आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही. मी देवाचं करणारा माणूस आहे, तुम्ही मला तसा ओळखता. पण त्या दिवसापासून दिवा लावताना माझा हात जड होतो. चकचकीत घासलेल्या समईखाली वाकलेलं माणूस मला दिसत नव्हतं, मग मी इतकी वर्षं कोणापुढे हात जोडत होतो?

मी नियम बदलायला काढला. नाही असं नाही. मंडळाच्या मीटिंगमध्ये बोललो. आमचे महादूअण्णा म्हणाले, "गावाक काय सांगूचा? घाटकोपराक जाऊन सुतक सोडला म्हणून?" विषय तिथेच राहिला, मीही तो पुन्हा काढला नाही. पुढे सुतकात कोणी बघत नसताना पिंप भरून ठेवायचो, इतकीच माझी मजल. अण्णा, तुम्ही पुढच्याच रांगेत आहात. तुम्हाला दोष देत नाही. माझ्या आळसाला तुमच्या वयाचा आडोसा मिळाला, म्हणून मी तो घेतला.

हे सगळं आज, शाल-श्रीफळाच्या दिवशी, कशाला काढलं असं मनात येत असेल. काल वनमालावहिनी आल्या. तीस वर्षं नवरा ज्या खोलीत राहिला ती त्यांनी पहिल्यांदा पाहिली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय बरी ठेवलात भावजींनु! माका वाटला, पुरुषांची खोली म्हणजे उकिरडो असतलो." आणि आम्ही आठही जण मान हलवून हसलो. ते कौतुक आम्ही घेतलं. बाळादा खिडकीबाहेर बघत होते. मला रात्रभर ते गिळलेलं कौतुक खाली उतरेना. वहिनी, भर सभेत सांगतो. ती खोली आम्ही ठेवली नाही. तुमच्या नवऱ्याने ठेवली. दर वर्षी ते मे महिन्यात दुखरी कंबर घेऊन गावी यायचे आणि तुम्ही तेल लावायचात, ती कंबर नुसती कारखान्याने दुखवलेली नव्हती.

आता शेवटचं. गेल्या गुरुवारी तार आली. आमच्या भावकीतल्या शेवंतीकाकी वारल्या. म्हणजे आज व्यासपीठावरच्या आणि समोरच्या सगळ्या राऊळांना सुतक आहे. म्हणून बाळादांना हार घालायला, नारळ द्यायला आमचा हात चालत नाही, ते गुरुजी करतील. रीत आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण उद्यापासून खोलीत नववा माणूस नाही. आठही राऊळ. यापुढे भावकीत कोणी गेलं तर खोली कोणी झाडायची? पाहुणा बोलवायचा?

गुरुवारपासून बाळादाच झाडत होते. आजही पहाटे उठले. आपली शेवटची पाळी म्हणून असेल, कोनाड्यापासून उंबऱ्यापर्यंत सगळं पुसून घेतलं. मग केरसुणी झटकली, आणि इतक्या वर्षांत सुतकाच्या दिवसांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. ती माझ्या खुंटीवर टांगली.

मी अंथरुणावर उठून बसलो. सवयीने तोंडातून निघून गेलं, "बाळादा, माका सुतक आसा."

ते म्हणाले, "ठावक आसा," आणि टॉवेल खांद्यावर टाकून नळावर गेले.

मंडळी, आज बाळादांचा सत्कार आहे. पण माझा सत्कार सकाळीच उरकला. हा माणूस मला नुसता टाकून जाऊ शकला असता. त्याने केरसुणी आपल्याच खुंटीवर ठेवून गाडी पकडली असती, आणि पुढच्या मे महिन्यात कोणी गावी गेलं तर ती अजून तिथेच आहे असं त्याला कळलंही असतं. त्याने तसं केलं नाही.

दिवा मी सुतक फिटेपर्यंत लावणार नाही. इतकी वर्षं सुतकात बाळादा दिवा लावायचे, आता देवानेही तेवढे दिवस अंधारात बसायची सवय करावी. पण उद्या पहाटे, बाळादांची ट्रंक अजून खोलीत असताना, मी केरसुणी घेणार आहे. सुतकात. कोनाड्याला हात लागला तर लागेल, रवळनाथाला काय सांगायचं ते मी सांगेन. बाळादा, उद्या तू आडवा पड. केरसुणी जवळ आली की फक्त पाय वर कर. आणि झाल्यावर मी ती पुढच्या खुंटीवर टांगीन. चंद्रप्रकाश, पुढची खुंटी तुझी आहे.

गुरुजींनी घंटी वाजवली नाही, त्यांचे उपकार. मृणालिनीताईंनी हॉल दिला, सेक्रेटरींनी बोलू दिलं, तुम्ही लांबून आलात आणि शांतपणे ऐकलंत, सर्वांचा मी आभारी आहे. हॉल रिकामा करताना खुर्च्या आपण सगळ्यांनी मिळून उचलायच्या आहेत, बाळादांनी बसून राहायचं आहे.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं. आणि बोलायच्या आधीच्या अठरा वर्षांत जे उणं पडलं, त्याची क्षमा मी सभेकडे मागत नाही. ती बाळादा, तुझ्याकडे मागतो.