काठावरचं घड्याळ

मंडळी, विहारात इतके लोक जमलेत. मला बोलायला लावू नका, असं मी सांगितलं होतं. तरी उभा आहे.

मिलिंद गेल्या रविवारी सकाळी बूट बांधता बांधता गेला. हृदय बंद पडलं. बेचाळिशीचा माणूस, कंपनीत फिटर, रोज धावणारा. मी नदीवर त्याची वाट बघत होतो.

पोहणं, सायकल, धावणं, एका दमात, अशी शर्यत त्याला करायची होती. त्यासाठी जीपीएसचं घड्याळ हवं होतं. आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार म्हणाला, "साईं, दो हैं. एक दूरी नापेगा, पर पानी में नहीं जाएगा. दूसरा पानी में जाएगा, पर दूरी नहीं नापेगा."

मिलिंद माझ्याकडे वळला. "वश्या, तू निवड."

मी? मला पोहता येत नाही. जिन्यावर धाप लागते. मी अंतर मोजणारं निवडलं. का निवडलं, ते आजही कळत नाही.

मग दर रविवारी, बदलापूर गावाजवळ, उल्हास नदीवर, तो घड्याळ माझ्या हाताला बांधायचा. तो पाण्यात. मी काठाने, त्याच्या बरोबरीने. मी चाललो तेवढं तो पोहला, असं वहीत लिहायचा. एकदा मी मध्येच चहाला गेलो. तो आकडा बघून म्हणाला, "आयला, आज मी टपरीपर्यंत पोहलो!" आकडा खोडला नाही.

मंडळी, ती वही तिथे फोटोपाशी आहे. तुम्ही तिच्यावर फुलं वाहिलीत. तिच्यातलं पोहणं हे माझं चालणं आहे. हे सांगितल्याशिवाय मला बसता येत नव्हतं.

काल सुनंदावहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावोजी, ठाऊक आहे मला." मागच्या महिन्यात तिन्हीला चालणारं नवं घड्याळ आलं होतं. दोघं बघायला गेले. त्याने हाताला बांधलं. काढून ठेवलं. वहिनींनी विचारलं, का हो? तर म्हणाला, "हे घेतलं तर वश्या काठावर काय करणार?"

शर्यत त्याची होती ना? मग असं का केलं त्याने? आता कोणाला विचारू?

आपण उभे राहू. शांत राहू. घड्याळ माझ्या हाताला आहे. पण दोन मिनिटं झाली की दुसरं कोणीतरी सांगा. मी कुठे थांबायचं, ते तो सांगायचा. पाण्यातून हात वर करून.

जय भीम, मिलिंद.