आईचं सॉरी

तुम्हाला पटणार नाही, पण आमची आई एकदा सॉरी म्हणाली. पुण्यात नव्हे, जर्मनीत.

कंपनीनं मला तिकडे पाठवलं होतं आणि आई महिनाभर राहायला आली होती. तिला एका स्वस्तातल्या सुपरमार्केटमध्ये नेलं. कप घेताना त्याचा कान ओढून बघायचा, ही तिची तुळशीबागेतली सवय. तिथं कान हातातच आला.

रांगेत ती कुजबुजली, “आता पोलीस बोलावतील का रे?”

“तू गप्प बस, मी बोलतो.”

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता विचारलं, “तुटे?”

आईचा चेहरा उतरला. “अरे, हिला मराठी येतं.” मग तुटका कान मुठीत आवळून म्हणाली, “येस. वन. सॉरी.”

बाईनं एक पिशवी काढून आमच्यापुढे ठेवली. जर्मनमध्ये पिशवीला साधारण तसंच म्हणतात.

मग मी तो कप दाखवला. बाई हसली, कप कचऱ्यात टाकला आणि जा म्हणून हात केला.

“सुटलो बाबा,” बाहेर आल्यावर आई म्हणाली. चार पावलं चालली आणि थांबली.

“म्हणजे माझं सॉरी पिशवीला गेलं?”