खैरटेकडीचा बुद्ध

(नागपुरातल्या एका संग्रहालयातली मूर्ती साफ करायची खोली. प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा दुसरा दिवस, दुपार.)

माया : मंत्र्याच्या बाजूले उभी राहून दिवा लावला, ते तू. जपानी पाहुण्यांना बुद्ध समजावून सांगून राहिली, तेबी तूच. माझी माय टीव्हीसमोर म्हणे, पोरगी किती शोभून राहिली. मी टीव्ही बंद केला वं.

वैदेही : पाहुण्यांची यादी मी केली नव्हती, माया.

माया : कळमेश्वरकडच्या उन्हात आठ महिने खैरटेकडीवर खोदत कोण होतं? त्या बुद्धाच्या डोळ्यांतली माती मी बांबूच्या काडीनं काढली. तू तवा इथं पंख्याखाली होती. अन् आता मूर्ती टोकियोच्या प्रदर्शनाले चालली, तर तिच्यासंगं जाणार तू. मले तुह्या बॅगचाबी राग येऊन राहिला.

वैदेही : येऊ दे. मी ऐकतेय.

माया : मूर्तीखालच्या पाटीवर माझं नाव नाही, जाऊ दे. खैरटेकडीचंबी काहून नाही? नुसतं ‘विदर्भ, दुसरं शतक’.

वैदेही : मी लिहिलं होतं. संचालकांनी खोडलं. प्रदर्शनाचा खर्च ज्या कंपनीनं केला, तिला कारखान्यासाठी तीच टेकडी हवी आहे. जपानी पाहुणे त्यात पैसा घालणार. त्यांना बुद्ध दाखवायचा, पण तो कुठून आला हे त्यांनी विचारू नये. आणि मंत्र्यांना निवडणुकीआधी करार हवाय.

माया : टेकडीत अजून भिंत आहे. जुन्या विटांची. मी मोजली.

वैदेही : माहीत आहे मला. तरी ‘आता तिथे काही शिल्लक नाही’ असा अहवाल हवा होता त्यांना. त्यावर सही माझी आहे.

माया : तुही सही?

वैदेही : आधी तुलाच विचारलं होतं त्यांनी.

माया : मले कोणी काही विचारलं नाही.

वैदेही : आठव. दिवाळीआधी संचालक या खोलीत आले होते. टेकडीत आता काही उरलं असेल का, म्हणाले.

माया : हो. मी म्हटलं, सर, बहुत उरलं आहे. नकाशा काढून दाखवला. साहेब स्वतः येऊन विचारून राहिले म्हणून किती खुश झाली होती मी.

वैदेही : इथून ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. टोकियोचं नाव तेव्हा पहिल्यांदा काढलं. जो सही करेल तो जाईल, म्हणाले. मी एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी सही केली.

माया : काहून?

वैदेही : तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा तरी तुझ्यापुढे जायचं होतं.

माया : तो नकाशा माझ्याजवळच आहे. मापं, फोटो, सारं. आज पुरातत्त्वच्या ऑफिसात देऊन येते. एक प्रत गावातल्या विहारात ठेवते.

वैदेही : तू कंत्राटावर आहेस. मार्चनंतर ठेवणार नाहीत तुला.

माया : माहीत आहे.

वैदेही : माझी सही खोटी ठरेल.

माया : तेबी माहीत आहे.

वैदेही : मग आता माझा हेवा तरी करू नकोस.

माया : साहेबानं दहादा विचारलं, तरी मी तेच सांगीन. पण मले जायचं होतं वं, वैदेही.